चमकीची बाजू

अन्नपूर्णाबाईंच्या तोंडाला लागायची अग्रहाराच्या जुन्या वस्तीत कुणाची छाती नव्हती, आणि त्यांच्या तोंडात डोकावायची तर आजवर कुणाला मुभाच मिळाली नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी त्या दातांनी ऊस सोलत. चकली अशी कडाकड मोडत की पलीकडच्या घरातल्या वाणीला, जिच्या निम्म्या दाढा गेलेल्या, तो आवाज मुद्दाम ऐकवलाय असं वाटावं. तसा तो मुद्दामच असायचा.

"बत्तीसच्या बत्तीस," त्या म्हणायच्या. "एकाला धक्का नाही."

अशा बाईची सून दातांच्या दवाखान्यातलं काम शिकायला निघाली. श्रीलक्ष्मी चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे नवीनचा, बेळगोळचा कारखाना बंद पडला, तो दुसऱ्याची गाडी चालवायला लागला, आणि हिनं एक दिवस डेंटल असिस्टंटच्या कोर्सचा फॉर्म आणून देवापुढे ठेवला. सासूपुढे ठेवायचं धाडस नव्हतं म्हणून.

"रंगाऱ्यांच्या घरची सून लोकांच्या थुंकीत हात घालणार?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हातमोजे असतात, आत्या."

"मोजे हाताला. नाकाला काय घालशील?"

घराला अभिमान कसला, तर हाताचा. पाचसहा पिढ्यांमागे म्हैसूरला आलेली माणसं. कापड रंगवायचं, लाकडी ठशांनी छापायचं. आता घरात रंगाचं एक मडकंही उरलं नव्हतं, पण अन्नपूर्णाबाई अजून कुणाचंही लुगडं चिमटीत धरून ते कसं रंगवलं आणि किती वाईट रंगवलं ते सांगत. बोलण्यात निम्मं कानडी मिसळलं, जेवणात आमटीच्या जागी इथली हुळी आली, पण नाकातली चमकी डावीकडची डावीकडेच राहिली. शेजारच्या अय्यंगारांच्या बायका उजवीकडे घालत. "त्यांचं त्यांच्यापाशी," अन्नपूर्णाबाई म्हणत आणि आपली चमकी उगाच एकदा चाचपत.

तर, नाही नाही म्हणता श्रीलक्ष्मी जायला लागली. जयलक्ष्मीपुरमच्या एका दवाखान्यात पहिल्या तारखेपासून एक जागा होती आणि शिकवणाऱ्या वेदवती मॅडमनी सांगून ठेवलं होतं की शेवटची परीक्षा नीट दिलीस तर तुझं नाव देते. घरात सगळ्यांचे डोळे त्या पहिल्या तारखेकडे लागलेले.

पहिल्याच महिन्यात तिनं प्लास्टरचा एक जबडा घरी आणला. अन्नपूर्णाबाई शेंगा मोडत बसल्या होत्या.

"अय्यो, हे कुणाचं घेऊन आलीस? देवाकडे नको नेऊस ते."

"कुणाचं नाही हो, प्लास्टरचं आहे. हे पटाशीचे दात, हे सुळे, ह्या उपदाढा, ह्या दाढा."

"उपदाढा? दाढेत पण थोरली-धाकटी आहे म्हण की."

मग अभ्यासाला माणूस हवं म्हणून ती सासूच्याच मागे लागली. चौदा वर्षांत सुनेनं सासूच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. आता ती समोर पाट घेऊन बसायची आणि दोन बोटं कानांच्या पुढे ठेवायची.

"आता तोंड थोडं उघडा. मिटा. इथे बोटाखाली सरकतंय ना, तो जबड्याचा सांधा. आता दातावर दात दाबा. गालात हे टणक झालं, तो मॅसेटर. चावायचा स्नायू. तुमचा लई मोठा आहे, आत्या."

"असणारच. चौदा वर्षं तुझा राग चावून गिळतेय."

श्रीलक्ष्मी हसली आणि जबड्याखाली बोटं फिरवत गाठी शोधायला लागली. ताप आला, दात सडला, की ह्या गाठी फुगतात म्हणाली. तिची बोटं थंड होती आणि घाबरत नव्हती, हे अन्नपूर्णाबाईंच्या लक्षात आलं. बोलून मात्र त्यांनी दाखवलं नाही. गळ्यापासून कानापर्यंत त्यांनी सगळं तपासू दिलं. तोंड उघडायचं ते दोन बोटं मावतील एवढंच. "आतलं नाही," त्या म्हणाल्या. "आत बत्तीस आहेत, मी सांगते ना, लिहून घे."

श्रीलक्ष्मीचं घोडं अडलं ते डाव्या-उजव्यापाशी. दातांचा एक कागद असतो. त्यावर चार कोपरे काढलेले. रोग्याचे वरचे उजवे दात पहिल्या कोपऱ्यात, वरचे डावे दुसऱ्या, खालचे डावे तिसऱ्या, खालचे उजवे चौथ्या. पहिला आणि चौथा कोपरा कागदाच्या डावीकडे, दुसरा आणि तिसरा उजवीकडे. प्रत्येक कोपऱ्यात पुढून मागे एक ते आठ. छत्तीस म्हटलं की तिसरा कोपरा, सहावा दात, म्हणजे दाढ. नंबर तिला तोंडपाठ होते. पण समोर माणूस बसला की त्याचं डावं हिच्या उजव्या हाताला यायचं, आणि हिचा गोंधळ व्हायचा.

"एवढंच ना?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. उठल्या, माळ्यावरच्या ट्रंकेतून कोयरीचा एक ठसा काढून आणला, कुंकवाच्या पाण्यात बुडवून तिच्याच वहीवर दाणकन उमटवला. "ठशात कोयरीचं टोक कुठे? डावीकडे. कागदावर कुठे? उजवीकडे. समोरचं नेहमी उलट उमटतं. तुला दिसेल त्याच्या उलट बाजूला लिहायचं. सोपं. ह्याला काय कॉलेज लागतं?"

श्रीलक्ष्मीचा चेहरा उजळला. अन्नपूर्णाबाईंनी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वाणीला सांगितली, तिसऱ्या दिवशी देवळात. मी दुसरीपर्यंतच शिकलेय, पण डॉक्टरीण होणाऱ्या सुनेला मीच शिकवलं, अशा थाटात.

परीक्षेच्या आदल्या सोमवारी चाचणी झाली. श्रीलक्ष्मी घरी येऊन मुकाट भांडी घासायला बसली. काय झालं विचारलं तर "आयतु, झालं बरं," एवढंच. रात्रीचं जेवताना नवीनच्या तोंडून निघून गेलं.

"आई, तुझ्या ठशानं घात केला गे. सगळ्या डाव्या दाढा हिनं उजव्या करून लिहिल्या. मॅडम म्हणाल्या, तुझ्या कागदावर विसंबून डॉक्टर चांगली दाढ उपटेल. शनिवारी हेच केलंस तर पास करणार नाही, आणि ती जागा दुसरीला देईन."

श्रीलक्ष्मीनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याचा घास हातातच राहिला.

"मला का नाही सांगितलंस?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

अन्नपूर्णाबाईंना आजवर लोक घाबरले होते. आपली कीव करून कुणी गप्प बसलं होतं असं कधी घडलं नव्हतं. त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी सुनेची वही मागून घेतली. इंग्रजी कळत नव्हतं, आकडे कळत होते. श्रीलक्ष्मीला समोर बसवून त्यांनी तो कागद तिच्या तोंडाशेजारी धरला, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. बराच वेळ बघितलं. मग कागद मांडीवर ठेवला.

"ज्यानं हा कागद काढला, त्यानं रोग्याच्या समोर बसून काढलाय. उलटापालट त्यानं आधीच केलीय. छापून झालेलं कापड आहे हे. आपण छापलेल्या कापडालाच परत ठसा समजलो." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर येताना त्यांनाच अनोळखी वाटलं. "मी शिकवलं ते चुकलं. समोर दिसतंय तिथेच कागदावर लिही. उलटं करू नकोस."

श्रीलक्ष्मीनं नवीनला बसवून लिहून बघितलं. बरोबर आलं. शेजारच्या तिघांना बसवून बघितलं. बरोबर आलं.

शुक्रवारी दुपारी वाणीचा फोन आला. परीक्षेला प्रत्येकीनं आपला रोगी न्यायचा होता, आणि त्याचा निदान एक तरी दात गेलेला हवा होता; वाणी येणार ठरलं होतं. पण तिच्या लेकीला मंड्याला दवाखान्यात नेलं होतं, बाळंतपणाला. वाणी बसमध्ये बसूनच बोलत होती.

"आता कुणाला नेऊ?" श्रीलक्ष्मी फोन हातात धरून उभी राहिली. "ह्यांचे सगळे दात आहेत. उद्या नऊला पोचायचं. रोगी नाही तर बसूच देत नाहीत."

"कुणाला तरी विचारू या," नवीन म्हणाला.

"कुणाला? रस्त्यात उभं राहून लोकांची तोंडं बघू?"

अन्नपूर्णाबाई चमकी चाचपत बसल्या होत्या. सत्तावीस वर्षांमागे त्यांचा गाल नारळाएवढा सुजला होता. नवरा, सुब्बराव, घरच्यांना गावाला जातो असं सांगून त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला आणि दाढ काढून आणली. सुब्बराव गेला, त्याच्याबरोबर ते माहीत असणारा एकुलता एक माणूस गेला.

"माझी एक दाढ नाही," त्या म्हणाल्या.

दोघांची तोंडं उघडी पडली.

"तोंडं मिटा. दात माझे बघायचेत, तुमचे नाही."

"पण आत्या, बत्तीस..."

"एकतीस. आता पुन्हा विचारशील तर तीस करून दाखवीन, तुझे."

शनिवारी त्यांनी धुवट नऊवारी नेसली, जशी लग्नाला नेसायची तशी. हॉलमध्ये पाच खुर्च्या, पाच रोगी. बाहेरून आलेले परीक्षक उंच, चष्मेवाले, कानडीत बोलणारे. आधी बाहेरून तपासायला सांगितलं. श्रीलक्ष्मीची बोटं कानांपुढे आली, गालावर, जबड्याखाली. सांधा, मॅसेटर, गाठी, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. अन्नपूर्णाबाईंनी दातावर दात असा दाबला की परीक्षकांनी "अरे वा" म्हटलं.

मग खुर्ची मागे झुकली. अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले आणि सत्तावीस वर्षांत प्रथमच तोंड पूर्ण उघडलं. सुनेनं आरसा आत घातला.

"असं समोरून नको," परीक्षक म्हणाले. "दवाखान्यात बऱ्याचदा डोक्यामागून बघावं लागतं. मागे ये. मागून बघून लिही."

अन्नपूर्णाबाईंचे डोळे उघडले.

मागून! मागून बघितलं तर त्यांचं डावं तेच सुनेचंही डावं. कागद तर समोरून काढलेला. समोर दिसतंय तिथेच लिही, असं त्यांनी शिकवलं होतं. आता तसं लिहिलं की ती दाढ सरळ चौथ्या कोपऱ्यात जाणार. दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा आपणच पोरीला बुडवणार. त्यांनी डोळे फिरवले. बाजूच्या ट्रेवर कागद होता, पेन्सिल दिसत होती. तोंडात आरसा, जिभेवर कापूस. आयुष्यात बोलायची एवढी गरज कधी पडली नव्हती आणि आयुष्यात त्यांचं तोंड असं कुणी बंद केलं नव्हतं, तेही उघडं ठेवून.

पेन्सिल कागदाच्या डाव्या बाजूकडे गेली. खालच्या ओळीत, सहाव्या जागेवर टेकणार एवढ्यात थांबली.

श्रीलक्ष्मी वरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तोंडात नव्हे, नाकाकडे. मग तिची पेन्सिल उचलली गेली, कागदावरून सरकत उजवीकडे गेली आणि तिथे एक घट्ट फुली मारली.

"छत्तीस गेलीय, सर," ती म्हणाली. "खालची डावी, सहावी. आणि अठ्ठेचाळीसला कीड आहे."

"कुठल्या बाजूची कीड?"

"उजव्या. ह्यांच्या उजव्या."

परीक्षकांनी वाकून दोन्ही बघितलं, कागदावर बरोबरची खूण केली आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेले. भिंतीपाशी उभ्या वेदवती मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि श्रीलक्ष्मीकडे बघून मान हलवली. तोंडातला कापूस निघाल्या निघाल्या अन्नपूर्णाबाईंनी पहिला शब्द उच्चारला तो "कीड?"

रिक्षात बसेपर्यंत त्या कशाबशा गप्प राहिल्या.

"मी सांगितलं होतं दिसेल तिथे लिही म्हणून. मग का नाही लिहिलंस?"

"लिहिणारच होते. मग तुमची चमकी दिसली. म्हटलं, मी कुठेही उभी राहू दे, समोर, मागे, माळ्यावर. चमकी आहे ती आत्यांची डावी. चमकीच्याच बाजूची दाढ जागेवर नव्हती, म्हणजे डावी गेलेली."

"आणि उद्या अय्यंगारांची बाई आली तर?"

"तर तिची उजवी. आधी बघून घेईन. कुणाचं घड्याळ असेल, कुणाचा तीळ असेल. बाजू रोग्याची, आत्या. माझी नाहीच."

अन्नपूर्णाबाईंनी चमकी चाचपली. हे ना ठशात होतं ना त्यांच्या शिकवणीत. हे तिचं होतं. मान्य करायला रस्ता मोठा हवा होता, आणि अग्रहार तर आलाच.

"म्हणजे माझ्या नाकामुळे पास होणार तू," त्या म्हणाल्या.

"होय, आत्या."

रिक्षा थांबली. वाणी मंड्याहून परतली होती, हातात पेढ्यांचा पुडा; नात झाली होती. "घ्या हो, चावायला सोपा आहे," ती म्हणाली, आणि सवयीनं पुढे जोडलं, "तुम्हाला काय, बत्तीस शाबूत."

"एकतीस," अन्नपूर्णाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खालची डावी सहावी नाही. माझ्या सुनेनं मागून बघून लिहिलंय." मग पेढा उजव्या बाजूला नेता नेता थांबल्या आणि चमकीच्या बाजूनं चावायला लागल्या.

"उजवीकडे कीड आहे म्हणे. सोमवारी येते हिच्याबरोबर दाखवायला."

श्रीलक्ष्मी कुलूप उघडत होती. तिनं मान वळवली नाही, पण हसू दाबताना तिचा मॅसेटर हलला, हे अन्नपूर्णाबाईंना बरोबर दिसलं.