मर्यादेतला घास

“कवा केलं?”

ताट पुढ्यात आलं की विजयमाला अव्वा आधी हे विचारायची.

“आत्ताच,” धनपाल म्हणाला.

खिचडी अकरा महिन्यांपूर्वीची होती.

अव्वा जैनांची अन्नाची मर्यादा पाळायची. पावसाळ्यात पीठ तीन दिवस, शिजलेलं अन्न दोन प्रहर. त्यापुढं त्यात जीव पडतात. सूर्य मावळला की पाणीसुद्धा बंद. आणि तिचा एकुलता एक लेक धनपाल कुपवाडच्या कारखान्यात होता. तिथं खिचडी चंदेरी पाकिटात बंद करून, वाफेच्या दाबाखाली उकळून दीड वर्ष टिकवत. ही खिचडी चुलतभाऊ भरतेशच्या संसारापेक्षा जास्त टिकते, असं सगळं समडोळी गाव म्हणायचं. भरतेशही म्हणायचा.

धनपाल सॅम्पल खोलीत असे. प्रत्येक बॅचची काही पाकिटं तिथं मुदत संपेपर्यंत ठेवत. मग त्यानं ती कापायची, हुंगायची, घासभर खायची आणि ‘ठीक’ म्हणायचं. तो अजून मेला नव्हता, हाच कारखान्याचा सगळ्यात भक्कम पुरावा होता.

अव्वानं असलं पाकीट एकदाच हातात घेतलं होतं. “मढंबी बरफात टिकतंय की रं,” म्हणाली आणि उठून हात धुवून आली.

दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. धनपालची बायको दीपाली मागंच वारली होती, त्यामुळं चूल त्याच्याकडंच आली. रोज दिवस असेतो घर गाठायचं आणि कुकर लावायचा. काल कारखान्यात बॉयलर अडला, पोचायला अंधार झाला. अव्वानं तोंड मिटून घेतलं, गोळीही परत केली. “पुन्हा उपाशी ठेवलंत तर माझ्याकडं आणू नका,” डॉक्टर सकाळी म्हणाले होते.

आणि आज वाटेत उसाची ट्रॉली उलटली. धनपाल कडेच्या भिजवलेल्या रानातल्या चिखलातून मोटारसायकल ढकलत घरी आला, तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. कुकरला वेळ नव्हता. पिशवीत कामगारांना वाटलेलं, बिनकांद्या-लसणाचं एक पाकीट होतं.

“फोडणीचा ठसका न्हाई आला रं,” अव्वा म्हणाली.

“तुला खोकला हाय न्हवं. दार लावलं हुतं.”

स्वैपाकघराला दार नव्हतं.

दार जिथं असायला हवं होतं तिकडं अव्वानं बघितलं. मग लेकाच्या चिखलानं भरलेल्या शर्टाकडं. मग खिडकीतल्या बोटभर उन्हाकडं.

“बस हितं म्होरं,” म्हणाली आणि घास घेतला.

तिनं सगळी खिचडी खाल्ली. ताटात पाणी ओतून, रोजच्यासारखं ताट धुवून ते पाणी प्याली. गोळी घेतली. “मीठ बरं हाय,” म्हणाली. मग हात जोडून सकाळपर्यंत अन्नपाण्याचा त्याग केला.

सकाळी ती उठली नाही.

“पुण्यवान बाई,” भरतेश अंगणात सगळ्यांना सांगत होता. “शेवटचा घासबी मर्यादेतला. लेकाच्या हातचा, ताजा. नशीबवान हायस रं धनपाल.”

धनपालनं मान हलवली. दुसरं काय हलवणार?

पावसाळ्यात त्याच बॅचची मुदत भरली. प्रयोगशाळेच्या पल्लवी मॅडमनी पाकीट कापून पुढं ठेवलं. तूप, जिरं, मुगाचा वास. काही म्हणता काही बिघडलं नव्हतं.

“काका, चव बघा. रिपोर्ट संपवून घरी जायचंय मला.”

धनपालनं चमचा उचलला. सॅम्पल खोलीला खिडकी नव्हती, ट्यूबलाइट कायम चालू.

“मॅडम, भाईर दिवस हाय का मावळला?”

“कधीच मावळला. का हो?”

धनपालनं चमचा पालथा ठेवला.

“मग सकाळी खातो.”

“अहो, कापलंय ते. सकाळपर्यंत टिकेल का?”

“न्हाई टिकत,” धनपाल म्हणाला आणि हात धुवायला गेला.