मखर जळलं ते घर

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड लागते. त्याला वाटतं, आपण मराठीत बोललो म्हणजे दार लावून बोललो. कुमुदला ती खोड पुरती जडली होती. करोल बागेत दुकानदाराच्या तोंडावर ती नवऱ्याला सांगायची, "हा लुटतोय हो, चला पुढच्या दुकानात," आणि तो बापडा हसत आणखी चार साड्या उलगडायचा. बसमध्ये शेजारच्या बाईच्या लिपस्टिकबद्दल, लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, सगळं मोठ्याने, सगळं मराठीत. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये अख्खा संसार झाला, पण या खोडीने कधी काही बिघडलं नव्हतं. म्हणून ती बिनधास्त होती.

नवरा बळवंत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मुलगी शिवांगी एकुलती एक. गुडगावला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली आणि तिथेच तिला गौरव भेटला. गौरव नव्या टॉवरांमधले फ्लॅट विकायचा. बोलायला गोड, दोन हातांत दोन मोबाइल. लग्नानंतर तो रोज संध्याकाळी शिवांगीचा मोबाइल मागून घ्यायचा आणि एकेक मेसेज वाचायचा. शिवांगीने आईला सांगितलं, तर कुमुद म्हणाली, "वाचू दे की. नवऱ्यापासून लपवायचं काय असतं?" या वाक्याने पुढे कुमुदचं काळीज किती पोखरलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

एका संध्याकाळी गौरवला मोबाइलमध्ये ऑफिसातल्या कुणा मुलाचा नंबर सापडला. त्याने शिवांगीचा हात पिरगाळला तो हाड वाजेपर्यंत. ती कपड्यांना इस्त्री करत होती. दुसऱ्या हातातली तापलेली इस्त्री तिने त्याच्या कपाळावर हाणली. कातडी करपल्याचा वास खोलीभर पसरला, तो कोसळला आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली.

त्याच्या घरच्यांनी चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची तक्रार ठोकली. बळवंतने वकील गाठला. अटकपूर्व जामिनाची सुनावणी सोमवारी होती. तोवर मुलगी ना पोलिसांच्या हाती लागायला हवी होती, ना गौरवच्या. त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच सांगितलं होतं, "मिल जाए बस एक बार."

हे त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, हे महत्त्वाचं. नोएडात तेव्हा चॅनेलांचं नुसतं पीक आलं होतं आणि त्यातल्या एकाने ही बातमी उचलून धरली. 'प्रेस वाली बहू', म्हणजे इस्त्रीवाली सून, असं तिचं नावच पाडलं. लग्नाचा फोटो, इस्त्रीचं चित्र, आगीच्या ज्वाळा, ढणढण वाजणारं संगीत. खालच्या मजल्यावरच्या भल्लाबाई जिन्यात थांबवून म्हणायच्या, "भाभीजी, रोज देखते हैं हम. बिल्कुल हीरोइन लग रही है शिवांगी." त्यांना यात काही वाईट वाटत नव्हतं. शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय ते फुकट बघायला मिळत असेल, तर कोण कशाला नको म्हणेल?

त्याच दिवसांत एक माणूस जिन्याखालची टेलिफोनची पेटी उघडून काही करत बसला होता. उन्हाचा आलाय म्हणून कुमुदने त्याला थंड पाणी दिलं. वर "घ्या भैया" म्हणून गुळाचा खडाही दिला. त्याने पेटीत आणखी एक वायर जोडली होती आणि तिचं दुसरं टोक मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत टेपला लावलं होतं.

बळवंत सावध होता. "फोनवर जागेचं नाव काढायचं नाही," त्याने बजावलं. "पोलिस ऐकत असतील."

"ऐकू देत. त्यांना मराठी कुठे कळतंय?" कुमुद म्हणाली. तरी तिने नाव काढलं नाहीच. नाशिकच्या बहिणीचा, रेवतीचा, काळजीने फोन आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुखरूप आहे गं पोर. ते मखर जळलं होतं ना, त्या घरी ठेवलीय." रेवती त्या वर्षी गणपतीला दिल्लीत होती. तिला लगेच कळलं. कुमुदला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

ते घर होतं द्वारकेचं. इंदुमतीबाई म्हणून निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे एका गणपतीत दिव्यांच्या माळेची ठिणगी उडून थर्माकोलचं मखर भडभडा पेटलं होतं. दिल्लीतल्या मराठी मंडळाची आठ-दहा कुटुंबं तिथे जमली होती. सगळे ओरडत असताना अकरावीतल्या एका पोराने ओली चादर टाकून आग विझवली आणि मूर्ती उचलून बाहेर आणली. तळहात भाजला होता बिचाऱ्याचा. कुमुदनेच त्याला मलम लावलं आणि त्या हाताने खाता येईना, म्हणून मोदकही तिनेच भरवले. त्याचं नाव सुधन्वा. मंडळात आरती तोच सांगायचा.

आता सुधन्वा नोएडाच्या त्याच चॅनेलात नोकरीला होता. शिवांगीची बातमी सुरू झाल्यावर तो घरी येऊन गेला, पोहे खाल्ले, म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ यार. मी आहे तिथे. काही वाईट जाऊ देणार नाही." कुमुदने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

शनिवारी दुपारी कुमुद पोळ्या लाटत होती. बाहेरच्या खोलीत बळवंतने नुकताच टीव्ही लावला होता, कारण तो फार वेळ बंद ठेवायचा धीर होत नव्हता. अचानक तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "सुखरूप आहे गं पोर." ती लाटणं घेऊन धावत आली. पडद्यावर तिचा जुना फोटो होता आणि खाली हिंदीत अक्षरं सरकत होती: 'जिस घर में गणपति की सजावट जली थी, वहीं रखा है.' निवेदक हात चोळत सांगत होता की हे घर आम्ही शोधून काढलं आहे, द्वारकेत, आणि आमची टीम आत्ता तिथे पोहोचते आहे.

पोलिसांना मखर काय माहीत? गौरवला काय माहीत? ज्यांना माहीत होतं, ते सगळे मंडळाचे. आणि मंडळातला नोएडाला एकच जण होता.

तिने द्वारकेचा नंबर फिरवला. मेली ती बोटं, एकदा चुकलीच. पडद्यावर इंदुमतीबाईंचं दार दिसत होतं, त्यावर गणपतीची फरशी. दारासमोर गौरव होता. डोक्याला पट्ट्या, हातात गाडीचा लोखंडी पाना, सोबत दोन मित्र. चॅनेलने दुपारभर पत्त्यासकट जाहिरात केली होती आणि सगळ्यांच्या आधी तोच पोहोचला होता. कॅमेरा त्याच्या खांद्यामागे होता.

"आई?" फोनवर शिवांगी म्हणाली.

"दार उघडू नकोस! गौरव आलाय!"

तेवढ्यात फोनमध्ये धाडकन आवाज झाला. टीव्हीत दार अजून शाबूत होतं. काही सेकंदांनी टीव्हीतलं दारही फुटलं. द्वारकेहून चित्र जरा उशिरा पोहोचत होतं, आवाज तेवढा ताबडतोब येत होता. म्हणजे त्या माउलीला सगळं दोनदा सोसावं लागलं. आधी कानांनी, मग डोळ्यांनी.

फोनमध्ये इंदुमतीबाई ओरडल्या, "अरे, लेकीसारखी आहे ती, मागे हो!" मग हाड मोडल्याचा आवाज आणि एक हुंदका. मग टीव्हीवर त्या दिसल्या, दोन्ही हात पसरून दारात उभ्या, आणि पाना त्यांच्या खांद्यावर उतरला. फोनमध्ये शिवांगी किंचाळली. रिसीव्हर खाली पडला. त्यानंतरचे घाव कुमुदने ऐकले. एक. पुन्हा एक. मधे "आई गं" असं एकदा आलं, मग नुसताच पान्याचा आवाज. आणि ती अजून टीव्हीकडे बघत होती, कारण टीव्हीत शिवांगी अजून उभी होती. रिसीव्हर कानाला, धडधाकट.

"पळ गं!" ती पडद्यावर ओरडली. "पळ!"

बळवंत पडद्याला दोन्ही हात लावून रडत होता. निवेदक म्हणाला, "तस्वीरें आपको विचलित कर सकती हैं," आणि तस्वीरें दाखवत राहिला. कॅमेरेवाल्याने कॅमेरा काही खाली ठेवला नाही. हातातलं ते जड यंत्र त्याने एकदा जरी गौरवच्या डोक्यात घातलं असतं! पण नाही. खालच्या मजल्यावरून तोच पान्याचा आवाज येत होता, वरच्या मजल्यावरूनही. सगळी सोसायटी बघत होती.

यमुनेपलीकडच्या मयूर विहारहून द्वारका म्हणजे दिल्लीचं दुसरं टोक. ते हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा इंदुमतीबाईंना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं. शिवांगीला घ्यायची गरज उरली नव्हती. चादर वर करून कुमुदने बघितलं. चेहऱ्याची एकच बाजू शिल्लक होती. त्या बाजूचा गाल तिने पदराने पुसला आणि बाहेर आली.

फाटकाशी माइकांचं जंगल होतं. "माताजी, कैसा लग रहा है?" "माताजी, एक मिनट!" त्यात एक माइक धरलेला हात तिच्या तोंडापाशी आला. तळहातावर भाजल्याचा चकचकीत डाग होता. कुमुदने वर बघितलं. सुधन्वाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकू," तो पुटपुटला, "मी फक्त हिंदी करून दिलं हो. मला वाटलं, पोलिस आधी पोहोचतील."

"आणि मखर?" कुमुद म्हणाली. "मखराचं घर कुठलं, ते मी फोनवर सांगितलं होतं का रे?"

तो माइक मागे घ्यायला लागला.

तिने माइक हिसकावला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. पुन्हा हाणला, भुवईवर. तो खाली बसला तरी ती थांबली नाही. ज्या हाताने मोदक भरवले, त्याच हाताने ती त्याला फोडत होती, आणि तिला थांबवावं असं बळवंतलाही वाटलं नाही. कॅमेरे मात्र खूश होऊन पुढे सरसावले. सुधन्वाच्या चॅनेलचाही कॅमेरा त्यात होता.

रक्ताने भरलेलं तोंड वर करून सुधन्वा हळूच म्हणाला, "काकू, पुरे. कॅमेरा चालू आहे. आपण नंतर बोलू, घरी."

मराठीत म्हणाला. आपल्या दोघांतच राहावं म्हणून. दार लावून.

कुमुदचा हात खाली आला. ती त्याच्या चॅनेलच्या कॅमेऱ्याकडे वळली आणि आयुष्यभर बाजारात मोडकीतोडकी बोललेल्या हिंदीत, अख्ख्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सब लोग सुनो. इसका नाम सुधन्वा है. मेरे घर का खाना खाया इसने. मेरे फोन में चोरी से तार इसके चैनल ने लगाया, और मेरी बेटी कहाँ छुपी है, ये इसने..."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला.

बळवंत कपडे न्यायला घरी आला तेव्हा जिन्यात भल्लाबाई उभ्या होत्या. डोळे रडून सुजलेले होते त्यांचे, खोटं कशाला बोला. त्यांनी त्याचा हात धरला, डोळे पुसले आणि विचारलं, "भाईसाहब, भाभीजी कुछ बोल रही थीं ना? बीच में साबुन का ऐड आ गया. क्या बोलीं?"