खिडकीजवळच्या सीटवरची तहान

झाकण जरा सैल करा, म्हणजे मला मोकळं बोलता येईल. मी स्टीलची पाण्याची बाटली बोलतेय. घर हैदराबादेत, नल्लकुंट्याला, पण सध्या मुक्काम ढगांच्या वर, विमानातल्या एका सीटसमोरच्या जाळीच्या खिशात. ही माझी परतीची फेरी आहे. जातानाची हकीकत मात्र अजून कुणाला सांगितलेली नाही, आणि मला धीर मुळीच नाही. म्हणून लगेच सुरू करते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला दोन भिंती आहेत आणि मधली हवा काढून घेतलेली आहे. म्हणजे माझ्या अंगात थोडी जागा अशी आहे, जिथं काहीच नाही. त्या काहीच नसण्यामुळे माझ्यातलं गार पाणी गार राहतं. हे मला समजलं तेव्हा मी इतकी हरखले की खोक्यात बंद असतानाही मला झोप येईना. कधी एकदा कुणाची तहान भागवते असं झालं होतं.

जामबागच्या एका दुकानातून प्रणिता नावाच्या मुलीनं मला घेतलं आणि मी कॉलेजात जाऊ लागले. तिथं मला पहिला धक्का बसला. मुली बाटल्या सोबत आणायच्या, बाकावर ठेवायच्या, झाकण उघडायच्या आणि नुसते ओठ ओले करायच्या. कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसायचं.

प्रणितानं अर्ज केले, विनंत्या केल्या. मग एक दिवस ती आणि तिच्या मैत्रिणी आपापल्या बाटल्या घेऊन प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या. सगळ्यांनी झाकणं उघडली आणि घटाघटा पाणी प्यायलं. मी तळापर्यंत रिकामी झाले. प्रणिता तोंड पुसत म्हणाली, "सर, आता सांगा, आम्ही कुठं जायचं?"

किल्ली सापडली. त्याच दुपारी.

तेव्हापासून माझी समजूत झाली की जगातले सगळे प्रश्न असेच एका दमात सुटतात. पण प्रणिताच्या घरातच एक बाई अशी होती की तिच्यापुढं आमचं काही चालेना. ती म्हणजे प्रणिताची आई, पद्मावतीबाई.

पद्मावतीबाईंचं माहेर नांदेडकडचं. लग्न, बारसं, सुतक, काही असलं की बसनं जायचं, आणि ज्या दिवशी बस त्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. त्यांच्या आईनं तेच केलं, मावशीनं तेच केलं. बस थांबणार कुठं, आडोसा मिळणार की नाही, आणि ड्रायव्हरला थांबा म्हणायचं कुणी? त्यापेक्षा तहान बरी. मागल्या वर्षी एका लग्नाहून अशाच कोरड्या परतल्या आणि दुसऱ्या दिवशी मुतखड्यानं त्यांना जमिनीवर लोळवलं. डॉक्टर म्हणाले, बारीक खडे अजून आहेत, पाणी कमी पडलं की पुन्हा त्रास होईल.

अशात त्यांच्या थोरल्या लेकीचे, त्रिवेणीचे, दिवस भरत आले. ती राहते अमेरिकेत, डॅलसला. प्रणिताच्या वडिलांना, नामदेवरावांना, रेल्वेतून इतकी लांब रजा मिळेना, तेव्हा बाईंनी एकटीनंच जायचं ठरलं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मी तर आनंदानं खणखणले, कारण प्रणितानं मला त्यांच्या हँडबॅगेत ठेवलं.

"आई, बसमध्ये केलंस तसं विमानात करू नको. आतच बाथरूम असतं," प्रणिता म्हणाली.

"हौ, असतं ना. सगळ्यांच्या समोरून जायचं आणि सगळ्यांनी बघायचं."

"कोण बघतंय तुला? लोक पिक्चर बघतात."

"तुला नाही कळायचं ते."

"मला एवढंच कळतं की तिकडं जाऊन तुझा खडा उठला, तर तू ताईला सांभाळणार का ताई तुला?"

बाई दशम्यांची घडी घालत राहिल्या.

प्रणितानं आईसाठी सगळं मायेनं निवडलं. मानेची उशी, लोकरीचे मोजे, कानातले बोळे. वाटेत विमान बदलायचं होतं; दोन्ही विमानांत सीटही खिडकीजवळची घेतली. "आईनं जग बघितलं पाहिजे," ती म्हणाली. या पोरीवर माझा फार जीव आहे, पण इथं तिची चूक झाली. खिडकी म्हणजे कोपरा. तिथून उठायचं तर आधी दोन अनोळखी माणसांना उठवायला लागतं.

निघायच्या सकाळी नामदेवरावांनी उकळून गार केलेलं पाणी माझ्यात काठोकाठ भरलं. "तिकडलं पाणी सोसलं नाही तर? हे पुरवून पुरवून पी," ते म्हणाले. प्रणिता हसली, पण तिनं त्यांना थांबवलं नाही.

व्हायचं तेच झालं. विमानतळावरच्या तपासणीत वर्दीतल्या बाईंनी मला बॅगेतून बाहेर काढलं. "माताजी, पी लीजिए, या खाली कर दीजिए."

पद्मावतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता पितील. त्यांनी मला सरळ बादलीत उपडं केलं.

वर त्यांचा असा समज झाला की इथून पुढं पाण्यालाच बंदी आहे. त्यांना हा समज इतका सोयीचा होता की त्यांनी कुणाला विचारलंच नाही. पुढं पाणी भरायचा नळ होता, त्याच्यावर बाटलीचं मोठं चित्रही होतं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. मी बॅगेत आदळआपट केली, पण रिकाम्या बाटलीचा आवाज असून असून किती असणार?

आखातातल्या शहरापर्यंतचं पहिलं विमान त्यांनी कोरडंच काढलं. दुसरं मात्र फार लांबचं होतं. जवळजवळ सगळा दिवस हवेतच.

आणि काय विमान होतं ते. बसल्याबसल्या चिमट्यानं धरून गरम ओला रुमाल दिला. बाईंनी तो चेहऱ्यावर ठेवला आणि त्यांचे खांदे खाली आले. मग पांघरूण, उशी, छोट्या पिशवीत डोळ्यांची पट्टी आणि चिमुकली टूथपेस्ट. समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान समुद्रावरून सरकत होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, पण खिडक्यांचे पडदे पाडून आत सांजवेळ केली होती. उशीला काम होतं, पांघरुणाला काम होतं, मोज्यांनाही होतं. रिकामी मीच होते.

बाईंच्या शेजारी आमच्या हैदराबादेतल्याच मुशीराबादच्या कुलसुम बी बसल्या होत्या. त्या मुलाकडं निघाल्या होत्या. त्यांच्या पलीकडं, वाटेच्या कडेला, एक उंच गृहस्थ. कोट, चकाकते बूट, डोळ्यांवर पट्टी आणि हनुवटीपर्यंत पांघरूण. विमान उडाल्यापासून ते गाढ झोपलेले. बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव साहेब ठेवून टाकलं.

हवाईसुंदरी पाण्याचे ग्लास घेऊन आली. बाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा आली, त्यांनी पुन्हा मान हलवली. मी रागानं लाल झाले असते, पण स्टीलला ती सोय नाही.

मग बाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आपण एकटीनं खावं हे त्यांच्या रक्तातच नाही. त्यांनी अर्धी दशमी पुढं केली. "लेव आपा. घर की है. प्याज भी नहीं डाली."

कुलसुम बींनी घास घेतला आणि चटणी त्यांच्या घशात लागली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. जवळून जाणाऱ्या हवाईसुंदरीनं लगेच ग्लास धरला. कुलसुम बींनी हात पुढं केला, साहेबांकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. "नक्को, नक्को. ठीक हूँ."

पद्मावतीबाई त्यांच्याकडं टक लावून बघत राहिल्या. "आप भी?" त्यांनी हळूच विचारलं.

"क्या आप भी?"

"पानी नहीं पी रहे?"

कुलसुम बी ओढणीत तोंड लपवून हसल्या. "कैसा पीना अम्मा? फिर जाना पड़ता. इन साब को कौन उठाता?"

"मैं भी वहीच सोच रही सुबह से. सोते हुए को उठाना अच्छा नहीं लगता. और लांघ के जाना तो हमारे में बिल्कुल नहीं चलता."

"हमारे में भी कां चलता? पाँव लग गया तो?"

दोघींना हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं. दोन घरं, दोन भाषा, आणि तहान सोसायची रीत मात्र एकच. हे कुणी शिकवलं या बायकांना?

इतक्यात पद्मावतीबाईंचं हसू थांबलं. त्यांचा हात कमरेच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. ती जागा मी ओळखते. मागल्या वर्षी कळ तिथूनच उठली होती.

"क्या हुआ?" कुलसुम बींनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. खडा, डॉक्टर, त्रिवेणीचे भरलेले दिवस. "उतरते ही मैं पड़ गई तो बेटी क्या करेगी?"

कुलसुम बींचा चेहराच पालटला. त्या खवळल्या. "तो पियो ना अम्मा. बेटी की जचगी करने जा रहे कि बेटी से अपनी सेवा कराने? ये साब क्या निज़ाम हैं, जो नींद नहीं टूटनी उनकी?"

"आप पिये तो मैं पीती," पद्मावतीबाई म्हणाल्या.

कुलसुम बींनी साहेबांकडं एकवार पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "चलो. जो होता देखेंगे."

आता हवाईसुंदरीला बोलवायचं कसं? कुलसुम बींनी एक बटण दाबलं तर दिवा लागला. दुसरं दाबलं तर पडद्यावर कुठलीशी कुस्ती सुरू झाली. तिसऱ्याला ती आली. पद्मावतीबाईंनी समोरच्या जाळीच्या खिशातून मला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "ये पूरी भर देव बेटा."

मी भरले. आयुष्यात इतक्या उंचावर मी कधी भरले नव्हते. बाईंनी मान वर केली आणि त्या तोंड न लावता, वरून धार धरून पाणी प्यायल्या. विमान थोडं हललं, चार थेंब पदरावर सांडले, पण त्या थांबल्या नाहीत. मग कुलसुम बी प्यायल्या. मी पुन्हा भरले, पुन्हा रिकामी झाले. प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

अर्थात पुढचं संकट ठरलेलंच होतं. काही वेळानं दोघींची चुळबुळ सुरू झाली. दोघी साहेबांकडं बघू लागल्या, मग एकमेकींकडं.

"आप बोलो," कुलसुम बी म्हणाल्या.

"आप के बाजू में हैं, आप बोलो."

"मेरे से नहीं होता अम्मा."

पद्मावतीबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, बहुधा कुलदेवतेचं नाव असावं. मग त्या कुलसुम बींच्या पुढून वाकल्या, साहेबांच्या दंडाला बोटांनी हात लावला, आणि घाबरून हिंदी विसरल्या. "दादा, उठा की जरा. आम्हाला जायचंय."

साहेबांनी पट्टी वर केली. आत चाळिशीतला, केस विस्कटलेला, झोपाळू माणूस होता. "अय्यो काकू, तुम्ही मराठी? जा की, त्यात काय." तो लगबगीनं उभा राहिला आणि त्याचं पांघरूण पायात अडकलं. तो प्रमोद, मूळचा पुण्याचा, हैदराबादेत एका कंपनीत कामाला. "झोपायच्या आधीच मी म्हटलं, या दोघी हलत नाहीत, झोपेच्या गोळ्या घेतल्यात की काय."

दोघी उठल्या, एकमेकींचा हात धरून. मला खिशातून दिसत होतं. अख्ख्या विमानासमोरून त्या चालत गेल्या आणि कुणीही पाहिलं नाही. खरंच, लोक पिक्चर बघत होते.

परत आल्या तेव्हा प्रमोद अजून उभाच होता. "काकू, तुम्ही कडेला बसा. मला खिडकी चालते. मी एकदा झोपलो की उतरेपर्यंत उठत नाही, आत्ता तुम्ही उठवलं तेवढंच."

त्यानंतर मला क्षणाची उसंत नव्हती. भरत होते, रिकामी होत होते. प्रत्येक फेरीला बाईंचं चालणं जरा सरळ होत होतं. मागच्या बाजूला चहा मिळतो हा शोध कुलसुम बींनी लावला, आणि मग दोघी तिथं उभ्या राहून लेकीसुनांविषयी बोलल्या. कमरेवरचा हात कधी खाली आला ते कळलंच नाही.

डॅलसला पद्मावतीबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. त्रिवेणीनं पोट सावरत विचारलं, "आई, त्रास झाला का गं?" "कसला त्रास?" बाई म्हणाल्या, आणि तिची पर्स तिच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्याला लावली. पुढच्याच आठवड्यात नात झाली. बाई सगळे दिवस पहाडासारख्या उभ्या होत्या.

आता माझ्या बुडाला पोचा आलाय, रंगाचे टवके गेलेत. मला त्याचं काही नाही. तुम्हाला मात्र एक सांगणं आहे. प्रवासाला निघणाऱ्या आईला उशी द्या, मोजे द्या, पण तिची सीट आधी कडेची घ्या. आणि तुम्ही स्वतः कडेला बसला असाल तर आतल्या माणसाला आधीच सांगून ठेवा की मला उठवलंत तरी चालेल. एवढंसं वाक्य लागतं हो. ते कुणी बोलत नाही म्हणून निम्मी माणसं तहानलेली प्रवास करतात.

या परतीच्या विमानात बाईंनी स्वतः सांगून कडेची सीट घेतलीय. मधली सीट रिकामी आहे. खिडकीशी ईशा नावाची मुलगी आहे, सुट्टीला घरी निघालेली, हैदराबादचीच. मघाशी पाणी आलं तेव्हा तिनं मान हलवली. बाईंनी ते पाहिलं.

"पाणी नको कामून?"

"नको आंटी, मला थर्स्ट नाहीये."

"बरं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला उचललं आणि मधल्या सीटवर ठेवलं. "हे बघ, मी आता झोपणार आहे. मी घोरते. घोरत असले तरी मला हलवायचं, लाजायचं नाही. नाही उठले तर चिमटा काढायचा."

ईशा हसली. बाईंनी डोळे मिटल्यावर तिनं माझं झाकण फिरवलं आणि मला अर्ध्याहून जास्त रिकामं केलं. त्याला आता बराच वेळ झालाय. मघापासून ती एकदा बाईंकडं बघते, एकदा माझ्याकडं.

मला आता थांबायला हवं. तिनं हात पुढं केलाय, बोटं बाईंच्या खांद्याशी पोचलीत.

"आंटी," ती म्हणतेय, "जरा उठता का?"