मागच्या रांगेतली गोणी

हात लावून बघा. हवं तर लाथ मारून बघा; दुखेल ते तुमच्याच पायाला. मी सिमेंटची गोणी बोलतेय, घट्ट होऊन दगड झालेली.

कासू स्टेशनाजवळ शाळेची इमारत उभी राहते आहे. तिथल्या पत्र्याच्या गोदामात मी पेणहून आले, पहिल्याच ट्रकमधून. म्हणून मला थेट मागच्या भिंतीशी लावलं. आठ दिवसांनी दुसरा ट्रक आला, त्याचा माल माझ्यापुढे. मग तिसरा, त्याच्याही पुढे. दार एकच. गवंडी यायचे आणि दाराजवळची ताजी गोणी उचलून न्यायचे. काल आलेल्यांचा नंबर माझ्याआधी! धरमतर खाडीची दमट हवा फटींतून आत यायची आणि मी महिन्यामागून महिना आवळत गेले. माझ्यासोबत पंधरा जणी.

मोजणीसाठी एक गवंडी राशीवर चढून मागे आला आणि आम्ही सापडलो, तेव्हा रोह्याहून ठेकेदार प्रवीणशेठ आले. त्यांनी गोदाम सांभाळणाऱ्या केरूला धरलं. "झोपा काढतोस काय रे? उद्यापासून येऊ नकोस."

केरूने मान खाली घातली. वीस वर्षं पाठीवर माल वाहिलेला माणूस! माझा नुसता जळफळाट झाला. पण गोणीला तोंड कुठलं?

साइट इंजिनिअर नमिताला होतं. "शेठ, मागची एक गोणी तुम्हीच काढून दाखवा."

"त्यात काय!" शेठनी बाह्या सारल्या. एक उतरवली, दुसरी उतरवली. तिसरीला कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मध्ये अजून ऐंशी होत्या.

"केरूदादा, काय करायला हवं?" नमिताने विचारलं.

"मागला पत्रा कापून दार करा. नवा माल तिकडनं आत, जुना हिकडनं भायेर. काय नाय त्यात."

"मग आधी का नाही बोललास?" शेठ धापा टाकत ओरडले.

"इचारलंय कोनी? मला 'उचल' नि 'ठेव', एवढंच सांगतात."

गवंडी फिदीफिदी हसले. शेठ हसले नाहीत, पण त्याच दुपारी पत्रा कापला गेला आणि केरू कामावर राहिला. आता दर शनिवारी नमिता सगळ्यांना बसवून विचारते, काय वाया गेलं, का गेलं. परवा वाळू चाळणाऱ्या चंद्रावतीने पाण्याबरोबर वाहून जाणारा वाळूचा ढीग उतारावरून हलवायला लावला.

छान झालं. पण माझा राग गेलेला नाही. एक साधा प्रश्न विचारायला सोळा जणींचा बळी लागावा? उद्या आम्हाला घणाने फोडून आवारातल्या खड्ड्यात लोटतील. डोंगरातून फोडून काढलंत, भट्टीत भाजलंत, पिठासारखं दळलंत. वर्गाचं छत होईन म्हणून सगळं सोसलं. खड्डाच बुजवायचा होता, तर मला डोंगरातच राहू द्यायचं होतंत!