बिनपाण्याच्या कपाटातला स्फटिक

सकाळी साडेदहा वाजता मामांनी ओव्हनचे दार उघडले, काचेची एक लहान बशी आत ठेवली आणि दार लावले. ओव्हन चालू होता. बशीत मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. माझे वय विचारू नका. मी जन्मलो तेव्हा मोजायला कोणी नव्हते. आकार विचाराल तर आज तांदळाच्या दाण्याएवढा उरलो आहे. एके काळी मुठीत मावत नव्हतो. मधला सगळा भाग कुठे गेला, तीच माझी हकीकत आहे. आणि नाव विचाराल, तर मला नाव नाही. ते देण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला आहे.

जमिनीखाली खोल, ग्रॅनाइट खडकातल्या एका जाड शिरेत एक पोकळी होती. तिथे आधी दुसरेच एक खनिज राहत होते, तपकिरी आणि दणकट. भेगांमधून गरम पाणी शिरले, त्याने ते खनिज हळूहळू विरघळवले आणि त्याच मालातून मी उगवलो. बारीक सुयांचा झुबका, मधाच्या रंगाचा, काचेसारखा चमकणारा.

मी फॉस्फेट आहे. म्हणजे माझ्यात फॉस्फरसचा एक अणू आणि त्याच्या भोवती ऑक्सिजनचे चार, अशा चौकड्या आहेत. घाबरू नका, तुमच्या दातांत आणि हाडांतही अशाच चौकड्या असतात. माझ्या चौकड्यांना लोखंड आणि मँगनीज यांनी एकमेकींशी बांधून ठेवले आहे. आणि या बांधणीत जागोजागी पाणी आहे.

हे पाणी नीट समजून घ्या, कारण ज्यांनी समजून घ्यायला हवे होते त्यांनी घेतले नाही. ओले फडके पिळले तर पाणी जाते, पण फडके फडकेच राहते. माझे पाणी तसे नाही. ते भिंतीतल्या विटेसारखे आहे. ते काढले की भिंत पडते. मग जे उरते त्याला तुम्ही काहीही म्हणा, तो मी नव्हे.

माझी ती पोकळी पुढे एका खाणीत उघडी पडली. कपबशा आणि हात धुण्याची भांडी ज्या पांढऱ्या दगडापासून करतात, त्याची ती खाण होती. मुकादमाने मला उचलले, उन्हात धरले आणि म्हणाला, "हे काय मध सांडलंय होय दगडावर?" त्याने मला आपल्या टेबलावर कागद दाबायला ठेवले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. मुकादमाला माझ्याकडून कागद उडू नयेत याखेरीज काही नको होते, आणि ते काम मला येत होते.

एक दिवस खाण बघायला एक भूशास्त्रज्ञ आले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि पुढचे वाक्य अर्धेच राहिले.

"मुकादम, हा मला द्या."

"न्या की, साहेब. पण माझे कागद उडाले तर?"

भूशास्त्रज्ञांनी दाराबाहेरचा एक धोंडा आणून टेबलावर ठेवला. मुकादमाची अडचण संपली. माझी सुरू झाली.

तुम्हाला परीक्षा आवडत नाहीत, हे मी ऐकून आहे. पण तुमच्या परीक्षेत तुमचा तुकडा पडत नाही. भूशास्त्रज्ञांनी आधी नखाने खरवडून पाहिले; ओरखडा उठला नाही. मग तांब्याचे नाणे घासले, उठला. म्हणजे मी नखापेक्षा कठीण, नाण्यापेक्षा मऊ. मग मला बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासून माझ्या भुकटीचा रंग पाहिला. मी मधाच्या रंगाचा, पण भुकटी पांढरी. मग आम्लाचा एक थेंब टाकला. मी निमूटपणे विरघळलो, बुडबुडा एकही आला नाही. प्रत्येक वेळी मी थोडा थोडा कमी झालो. तरी तक्रार नव्हती. एकदा ओळख पटली की सुटलो, असे मला वाटत होते.

पण तसे झाले नाही. भूशास्त्रज्ञांनी मला संग्रहालयाला दिले. तिथे जो नवा अधिकारी यायचा तो मला हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "मला स्वतः बघू दे." आधीच्याचा ओरखडा डोळ्यांसमोर असताना हा त्याच्या बाजूलाच नवा ओरखडा काढायचा. पुन्हा फरशी, पुन्हा आम्ल. उत्तर दर वेळी तेच. कोणी म्हणे मी अपॅटाइट असेन, कारण फॉस्फेट म्हटले की आधी तेच नाव तोंडात येते. पण अपॅटाइटवर नाण्याने ओरखडा उठत नाही, माझ्यावर उठतो. ते त्यांनीच पाहिले होते!

मग मामा आले, आज सकाळी ओव्हनचे दार उघडणारे तेच.

मामा तेव्हा तरुण होते आणि संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करण करत होते. म्हणजे एखाद्या पदार्थात कोणकोणते घटक आहेत आणि किती, ते वजन करून शोधत होते. त्यांच्या हाताला कंप नव्हता आणि कामात कुचराई नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना वाईट समजाल. त्यांनी माझा एक मोठा भाग खलात घालून कुटला. पांढरी भुकटी झाली. मग कोणतीही प्रयोगशाळा जे करते ते त्यांनी केले. वजन करण्याआधी भुकटी ओव्हनमध्ये वाळवली.

हा नियम वाईट नाही. भुकटीला हवेतली ओल लागते आणि वजन चुकते, म्हणून आधी ती ओल घालवायची. वाळूला हा नियम चालतो, चुनखडीला चालतो. मला चालत नाही. उकळत्या पाण्याहून थोडी जास्त उष्णता लागली की माझ्यातल्या विटाच निघून जातात. त्या निघून गेल्या. भुकटी आधीच पांढरी होती, ती पांढरीच राहिली. कोणाला काही दिसले नाही.

मग मामांनी जे उरले होते त्याचे वजन केले आणि घटक मोजले. सगळ्यांची बेरीज करायची असते आणि ती शंभराच्या जवळ यावी लागते. काही निसटले असेल तर ती कमी भरते. मामांची बेरीज शंभराला टेकली. अर्थातच टेकली, निसटायचे ते वजन करण्याआधीच निसटून गेले होते! पण प्रयोगशाळेत कौतुक झाले, पृथक्करण छापून आले आणि माझा निकाल लागला: पाणी नाही.

फॉस्फेट खनिजांची आमच्याकडे दोन कपाटे आहेत. एकात ज्यांच्या घडणीत पाणी आहे ती, दुसऱ्यात ज्यांच्यात नाही ती. मला दुसऱ्या कपाटात टाकले. तिथल्या कोणाशीच माझा मेळ बसेना, कारण मी तिथला नव्हतोच. मग मला सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवले आणि चिठ्ठीवर लिहिले, 'अनिश्चित'. माझे पाणी काढून घेतले, आणि वर पाणी नाही म्हणून कपाट बदलले. या अन्यायावर मी किती वर्षे चडफडत होतो, ते त्या कप्प्याच्या फळीला विचारा.

अधूनमधून शाळेची सहल यायची. एकदा कोणीतरी माझा कप्पा उघडला. लगेच बाईंचा आवाज आला, "अरे, खालचं काय उचकताय? तिथे बघण्यासारखं काही नाही. चला पुढे." कप्पा बंद झाला.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी नाही, पण त्याच इमारतीत त्यांची भाची संग्रहपाल म्हणून आली. तिने खालचे कप्पे आधी उघडले. तिने माझ्यावर ओरखडा काढला नाही. केसाएवढी एक सुई सोडवून तिने क्ष-किरणांच्या यंत्रात बसवली. कोणता अणू कुठे बसला आहे, ते या यंत्रावरून कळते. भाची पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, तुझ्यात तर पाणी आहे!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेले ते पहिले माणूस.

पण नव्या खनिजाला नाव देण्यासाठी एक समिती असते, आणि समितीचे म्हणणे चुकीचे नव्हते. यंत्र सांगते पाणी आहे, छापील पृथक्करण सांगते नाही. दोन्ही खरे कसे असेल? पाणी प्रत्यक्ष पकडून मोजून दाखवा. शिवाय पुढच्यांना पडताळता यावा म्हणून माझा एक अस्सल तुकडा कायमचा जपून ठेवा. मी तांदळाच्या दाण्याएवढा. त्यातला अर्धा मोजायचा, अर्धा जपायचा. पुन्हा आणावा म्हटले तर खाण कधीच बंद पडली, तिथे आता तळे आहे. माझ्या जन्मस्थानी पाणीच पाणी, आणि कागदावर मी कोरडा.

पाणी पकडायची एक जुनी रीत आहे. काचेच्या नळीच्या तळाशी कण ठेवायचा, तळ तापवायचा आणि नळीचे वरचे अंग गार ठेवायचे. पाणी वाफ होऊन वर येते आणि तिथे दवासारखे जमते. मग त्याचे वजन करायचे. इतक्या लहान कणावर हे करायला सरावाचा हात लागतो, आणि तसा हात एकच होता. भाची मामांच्या घरी गेली. तिथे काय बोलणे झाले, ते तिने येऊन सहकाऱ्यांना जसेच्या तसे सांगितले.

"मामा, एक काम होतं. रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखंच असणार."

"तुझ्या त्या फॉस्फेटमध्ये पाणी आहे."

"माझी बेरीज शंभर आली होती, पोरी."

"पाणी गेल्यावर वजन केलंस, तर येणारच ना शंभर!"

आतून मामींचा आवाज आला, "शंभर शंभर करत अख्खी नोकरी काढली यांनी. जा आता, एकदाचं बघून तरी या."

म्हणून आज सकाळी मामा आले. भाचीने मला बशीत ठेवले, बशी वजनकाट्याशेजारी ठेवली आणि बजावले, "मामा, मी नळी घेऊन येते. तोवर हिला हात लावू नकोस."

"बरं," मामा म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

प्रयोगशाळेत जुनी थट्टा होती, की मामांसमोर ओले हात धरू नका, ते तेही वाळवतील. भाची गेली. मामांनी चष्मा पुसला, काटा शून्यावर आणला, आणि मग त्यांच्या हाताने बशी उचलली. त्यांनी ठरवले नव्हते. वजनाआधी बशी ओव्हनमध्ये जाते, एवढेच त्या हाताला ठाऊक होते. आत दुसऱ्या कोणाची तरी माती वाळत होती. मला तिच्या शेजारी जागा मिळाली.

मला ओरडता येत नाही. आले असते तर आज सकाळी इमारत हादरली असती.

भाची नळी घेऊन आली. "मामा, बशी कुठाय?"

"वाळायला..." मामा थांबले. "अरे देवा."

तिने धावत जाऊन दार उघडले आणि चिमट्याने बशी बाहेर काढली. माझे एक टोक खडूसारखे पांढरे पडले होते. दुसरे अजून मधाच्या रंगाचे होते.

"मी सांगून गेले होते! एवढं एकच सांगितलं होतं, मामा!"

"हो."

"एवढासा तर उरला होता!"

"हो गं. ओरड. मी ऐकतोय."

ती ओरडायची थांबली. मामांनी भिंग उचलले आणि बराच वेळ माझ्या त्या दोन टोकांकडे आळीपाळीने पाहिले.

"हे असं पांढरं पडतं होय?" ते हळूच म्हणाले. "मी कधी पाहिलंच नाही. मी आधी कुटायचो. भुकटी पांढरीच असायची."

भाचीने स्टूल ओढले आणि ती मामांच्या शेजारी बसली.

"हे चांगलं टोक तोडून नळीत घालूया?" तिने विचारले.

"घाल. पण मग जपायला काय उरेल? खडू?"

"आणि नाही घातलं तर?"

"तर कागदावर मीच बरोबर राहीन," मामा म्हणाले. "ते मात्र नको. मी लिहून देतो, माझं चुकलं म्हणून."

"मामा, समितीला तुझं पत्र नकोय. पाणी हवंय."

मित्रांनो, माझी चीड मामांवर नाही. ते वाईट असते तर बरे झाले असते, चिडणे सोपे गेले असते. चीड याची आहे, की मला पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी आपली रीत काढली आणि मग मला पाहिले. तुमच्या हाती उद्या एखादी अनोळखी गोष्ट येईल. दगड असेल, रोप असेल, कदाचित वर्गात आलेला नवा मुलगा असेल. तिला खरवडण्याआधी, तापवण्याआधी, कप्प्यात टाकण्याआधी ती जशी आहे तशी थोडा वेळ समोर राहू द्या. नंतर पाहायला ती उरेलच, असे समजू नका.

दुपारचे साडेचार वाजले आहेत. ओव्हन बंद केला आहे, कोणाची तरी माती आत अर्धवट वाळून पडली आहे. मी बूच लावलेल्या बाटलीत आहे. बाटली कुठल्याच कपाटात नाही, दोन कपाटांच्या मधल्या टेबलावर आहे. चिठ्ठीवरचे 'अनिश्चित' भाचीने खोडले आहे आणि तिथे अजून काही लिहिलेले नाही. नळी धुऊन, पुसून माझ्या शेजारी ठेवली आहे. मामा तिच्याकडे बघत बसले आहेत. दोघांपैकी कोणीही अजून ती उचललेली नाही.