जाडीच्या पोटातले चुकलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड वही आहे. प्रवेश कचेरीत सगळे मला ‘जाडी’ म्हणतात आणि मला त्याचा मुळीच राग नाही. एवढ्या लोकांचे प्रश्न पोटात घेऊन फिरायचे म्हणजे अंग थोडे सुटणारच.

मी जन्मले ती एका फजितीतून. आमच्या महाविद्यालयाचे प्रतिनिधी दर वर्षी निरनिराळ्या शाळांत आणि मेळाव्यांत जातात, टेबल मांडून बसतात आणि बारावीच्या मुलांना प्रवेशाची माहिती देतात. एका वर्षी एकाने सांगितले की वसतिगृहात दोघांना मिळून एक खोली मिळते. दुसरीने सांगितले की आपल्याला वसतिगृहच नाही. दोन्ही उत्तरे एकाच मुलीच्या वडिलांनी ऐकली होती. ते थेट कचेरीत येऊन शांतपणे म्हणाले, “तुमचं आधी आपसात ठरू द्या, मग मी मुलीला पाठवतो.”

कचेरीच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, यांना ते फार लागले. त्यांनी दोन जाड पुठ्ठे आणले, पाठीला निळे कापड चिकटवले, मधे लोखंडी कड्या बसवल्या आणि मला घडवले. मग प्रत्येक विभागात स्वतः जाऊन त्यांनी पाने गोळा केली. ग्रंथपालांनी आपले पान मोत्यासारख्या अक्षरात दिले. लेखापालांनी शुल्काचे पान असे लिहिले की ते समजायला आणखी एक पान जोडावे लागले. प्रवेशाच्या अटी, अभ्यासक्रम, शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा रंगीत पट्ट्या लागल्या आणि मी सजले.

मॅडमनी माझ्यासाठी दोन नियम केले. मेळाव्यात कोणाला प्रत द्यायला पान काढले, तर त्या जागी पिवळे कार्ड ठेवायचे, म्हणजे पान परत आपल्याच घरी जाते. आणि प्रत्येक फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उजळणी व्हायची. कोणी काय विचारले आणि आपण काय सांगितले, हे मॅडमसमोर सगळे बोलायचे.

ते दिवस सुखाचे होते. मला न्यायला प्रतिनिधींमध्ये भांडणे लागत. मी जेवणाच्या डब्यांशेजारी बसून प्रवास केला आहे, चहाचे डाग अंगावर मिरवले आहेत, आणि एका बाळाने माझा खालचा कोपरा चघळून मऊ केला आहे. आईबाप माझ्यावर वाकून वाचत, तेव्हा आपण कोणाच्या तरी घरातल्या मोठ्या निर्णयात बसलो आहोत असे वाटून मला धन्य वाटे.

मग कचेरीत सगळ्यांना नवे टॅब आले आणि मी कपाटात गेले. वर खोकी, खाली खोकी, मधे मी. मेळाव्यांच्या मोठ्या दालनांत नेटवर्क मिळेना तेव्हा माझी पुन्हा आठवण झाली. गरज सरो वैद्य मरो, हे ऐकून होते. माझ्या बाबतीत गरज पडली आणि वैद्य जिवंत झाला एवढेच. पण या उलथापालथीत पिवळी कार्डे कुठे गेली ती गेली, आणि ती शोधायला कोणाला सवड झाली नाही.

त्या वर्षी मी घाईताईंच्या हाती पडले. ही आमची तरुण प्रतिनिधी मनाने सोन्यासारखी, पण चहा कपात ओतण्याआधीच पिऊन मोकळी होणारी. एका मेळाव्यात गर्दी उसळली होती. तिने शिष्यवृत्तीची दोन पाने काढली, झेरॉक्स करून आणली आणि परत लावली. पहिले पान बरोबर जागी गेले. दुसरे ‘प्रवेशाच्या अटी’ या पट्टीमागे गेले.

दुपारी एक आत्या आपल्या भाचीला घेऊन आल्या. भाचीला वाणिज्य शाखा हवी होती. तिने भराभर विचारले, आपला फोन नंबर लिहून दिला आणि शेजारच्या टेबलाकडे वळली. आत्या तिथेच उभ्या राहिल्या.

“तुमचा चष्मा सारखा घसरतोय. द्या इकडे,” त्या घाईताईंना म्हणाल्या आणि पर्समधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. “चष्म्याच्याच दुकानात आहे मी. काचा बसवते.” मान खाली घालून स्क्रू पिळता पिळता त्यांनी विचारले, “डोळे तपासायचा तीन वर्षांचा कोर्स आहे ना तुमच्याकडे? त्याला वयाची काही अट असते का?”

घाईताईंनी चष्मा चढवला आणि मला उघडले. चष्मा आता नीट बसला होता, अक्षर स्वच्छ दिसत होते. पानच चुकीचे होते.

“पंचवीसपेक्षा जास्त वय नको,” घाईताई म्हणाल्या. “पण तुमच्या भाचीला काय काळजी? तिला चिक्कार वर्षं आहेत.”

“हो. तिला आहेत की,” आत्या म्हणाल्या. त्यांनी पर्स बंद केली आणि आभार मानून गेल्या.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. खरे उत्तर माझ्याच पोटात होते, पण वहीला कोणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजळणीत वयाचा प्रश्न आला. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

“पंचवीस? आपल्या प्रवेशाला वयाची अट कधी होती?”

घाईताईंनी पान दाखवले. मॅडमनी ते वरपासून वाचले. “हे शिष्यवृत्तीचं पान आहे गं. ही अट शिष्यवृत्तीला आहे, प्रवेशाला नाही.”

“चुकलंच माझं. पण मुलगी सतराची आहे, मॅडम. तिचं काही अडणार नाही.”

“सतरा वर्षांच्या मुलीसाठी वयाची अट कोण विचारतं?”

घाईताईंनी ते पान पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाल्या, “मी विचारलंच नाही, कोणासाठी ते.”

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता. आता नाही तर एक वर्ष गेले, आणि जी बाई एवढा धीर गोळा करून एकदा विचारते, ती पुढच्या वर्षी पुन्हा विचारेलच असे नाही. घाईताईंनी भाचीला फोन लावून वयाच्या अटीचे चुकलेले उत्तर सांगितले. भाची आधी म्हणाली, “आत्याने ते माझ्यासाठी विचारलं असेल.” मग स्वतःच म्हणाली, “पण मला कुठे डोळे तपासायचेत?” तिने दुकानाचा पत्ता दिला आणि विचारले, “मी सांगू का तिला?”

“नको. चुकीचं मी सांगितलंय, बरोबरही मीच सांगते.”

मला काखोटीला मारून घाईताई निघाल्या. दुकानात आत्या यंत्रावर काच घासत होत्या. मालक गल्ल्यावर बसून कान टवकारून होते. आत्यांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

“मी भाचीसाठी विचारलं होतं,” त्या घाईघाईने म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच घाईताईंनी घाई केली नाही. “हो ना. म्हणून म्हटलं, भाचीला निरोप द्यावा. माझं उत्तर चुकलं होतं. प्रवेशाला वयाची अट नाही. शिष्यवृत्ती तेवढी मिळणार नाही तिला.”

आत्यांनी काच पुसली. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. “आणि समजा ती दिवसभर नोकरी करत असली तर?”

“संध्याकाळचे वर्ग आहेत.” घाईताईंनी मला काउंटरवर उघडून वेळापत्रकाचे पान दाखवले.

“तिची बारावी होऊन बरीच वर्षं झाली असली तर?”

“गुणपत्रिका असली की झालं. उद्या शेवटचा दिवस आहे.”

“सांगते तिला,” आत्या म्हणाल्या.

मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली. “उद्या भाचीला घेऊन जायचं असेल तर सकाळची सुट्टी घ्या,” ते म्हणाले. सगळ्यांना सगळे कळले होते आणि कोणीच बोलून दाखवत नव्हते. मला ती माणसे त्या क्षणी फार आवडली.

मित्रांनो, त्यानंतर मला नवी पिवळी कार्डे मिळाली आणि अगदी पहिल्या पानावर घाईताईंनी मोठ्या अक्षरात लिहिले, ‘आधी विचारा, कोणासाठी?’ माझे मागणे एवढेच आहे. माझ्यासारखी वही तुमच्याकडे असेल तर तिची धूळ पुसाच, पण काढलेले पान त्याच्या घरी पोचवा, शिळे झालेले काढून टाका. तुमच्या दृष्टीने तो एक कागद असतो. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे त्यावर वर्ष ठरते, कधी कधी सगळेच ठरते.

पण तुम्हाला माझ्या उपदेशापेक्षा त्या भाचीचे पुढे काय झाले याचीच उत्सुकता असणार. तर ऐका. शेवटच्या दिवशी मी प्रवेशाच्या खिडकीजवळ होते. दालनाच्या दारात शिपाईमामा सगळ्यांना सांगत होते, “आत फक्त विद्यार्थी. पालकांनी बाहेरच्या बाकावर बसा.” आत्या आणि भाची आल्या. मामांनी भाचीला आत जायची खूण केली आणि आत्यांना बाक दाखवला.

आत्या उंबऱ्यावर थबकल्या. पर्स छातीशी घट्ट धरून म्हणाल्या, “अर्ज माझा आहे.”

मामांनी वळून भाचीकडे पाहिले. ती केव्हाच बाकावर, इतरांच्या आईवडिलांच्या मधे जागा करून बसली होती.

“मी पालक,” ती म्हणाली. “तिला जाऊ द्या आत.”