कौसल्याबाईंचं ‘आलं’

“आलं का?” टीव्हीच्या मागं वाकून दादासोंनी हाक दिली.

“मुंग्याच हायत,” समोर स्टुलावर बसलेल्या कौसल्याबाई म्हणाल्या.

“आता?”

“आता मुंग्यांना बळ आलं.”

दादासो हसले नाहीत. चित्र अशक्त दिसलं की बूस्टर लावायचा, ही त्यांची जुनी खोड. एकेकाळी इंदापुरातलं एकही छप्पर त्यांच्या पायाखालून सुटलं नव्हतं. ते वर अँटेना फिरवत आणि खाली दारात बायको उभी. वरून “आलं का?”, खालून “आलं... गेलं... थांबा.” बाई ‘आलं’ म्हणायला महाकंजूष. गिऱ्हाईक म्हणे, दिसतंय की आता, उतरू द्या त्यांना. पण चित्रातल्या माणसाच्या कडेला सावलीचं भूत आहे तोवर बाई नवऱ्याला उतरू देत नसत. मात्र एकदा ‘आलं’ म्हणाल्या की विषय संपला. दादासो पडद्याकडे न बघताच शिडी सायकलला बांधत.

अँटेना गेल्या. दुकानात मिक्सर आणि टेबलफॅन उरले. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण गाळ्याची लांबीरुंदी दोनदा डोळ्यांनी मोजून गेला होता. अशात बारामतीच्या युवराजनं व्हिडिओ गेमचं एक जुनं खोकं, पिवळ्या कॅसेटा आणि आपला भिंतीएवढा नवा टीव्ही आणून ठेवला. बारामतीत तो जुन्या खेळांची खोली काढत होता. अशी बारा खोकी त्यानं जमवली होती, पण नव्या टीव्हीवर त्यांचं चित्र म्हणजे धुक्यातलं उजनीचं पाणी. “तात्या, हे एक लख्ख करून दाखवा, बाकीची तुमचीच. न्हायच जमलं तर बेंगळुरूला धाडतो,” तो म्हणाला होता. बेंगळुरूचं नाव ऐकल्यापासून दादासोंचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

उजेड पडला तो भाकरी मोडताना. घास हातातच राहिला. हे खोकं आधी चित्राची लहर बनवतं आणि टीव्ही त्या लहरीचं पुन्हा चित्र करतो. सगळी घाण या येण्याजाण्यात होते. आपण तीन दिवस तिलाच खुराक घालत बसलो!

“अगं, शेजारी बसलेल्या माणसाला निरोप द्यायला आकाशवाणी कशाला पायजे?”

“मग कानात सांगा की,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आधी हात धुवा.”

हात धुवायला वेळ कुणाला होता? खोकं उघडलं. लहर बनवणारा पत्र्याचा डबा बाजूला काढला आणि चित्र जन्मतं त्या चिपच्या पायालाच तार जोडली. बाकावरच्या छोट्या टीव्हीवर मुंग्या गेल्या, पण तुरुंगाच्या गजांसारखे उभे पट्टे आले. दादासोंना उलट चेवच चढला. पट्टे म्हणजे शेजारच्या तारांची कुजबुज. चिपचा तो एक पाय बोर्डापासून उचलून मोकळा केला तर? मोडला तर खोकंही गेलं आणि बाकीची अकराही. श्वास रोखून त्यांनी तो सुईनं उचलला. मेलेल्या टीव्हीतला एक ट्रान्झिस्टर काढून मधे बसवला, तार थेट बाहेर घेतली, आवाजाची वेगळी. पट्टे गेले. साठीतला माणूस, पण शीळ घालत होता.

खोकं उचलून मोठ्या टीव्हीला जोडलं, मागं वाकले, बटण दाबलं. खेळाची धून दुकानभर वाजली. खरखर नाही, घरघर नाही.

“आलं का?”

क्षणभर थांबून कौसल्याबाई म्हणाल्या, “आलं.”

दादासोंनी तिथंच, टीव्हीमागं वाकूनच, युवराजला फोन लावला. “निघा. आलं.” तो म्हणाला, तासाभरात पोचतोच.

मग ते पुढं आले. पडदा काळा होता.

काळा म्हणजे पूर्ण काळा. धून वाजत होती आणि कौसल्याबाई पडद्याकडे बघून समाधानानं हसत होत्या.

दादासोंना एकेक आठवत गेलं. चहा ओतताना कपाच्या काठावर धरलेलं तिचं बोट. स्क्रू डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडणं. तीन दिवस सांगितलेल्या मुंग्या, ज्यांची खरखर आंधळ्यालाही ऐकू आली असती. बारामतीच्या डॉक्टरांनी साखर डोळ्यांत उतरल्याचं सांगितलं होतं, आणि ही म्हणाली होती, थोडं धूसर दिसतंय, इतकंच.

त्यांनी खोकं पुन्हा बाकावर घेतलं. उचलताना चित्राच्या तारेचा कथलाचा जोड सुटला होता. एवढाच दोष. तीनदा कथील भलतीकडे पडलं, चौथ्यांदा बसलं.

“काय करताय परत?”

“जरा घट्ट करतोय.”

युवराज आला तेव्हा पडद्यावर मोटारसायकल डोंगर चढत होती. तो चप्पल काढायचं विसरला. आधी मित्राला फोन लावला, मग दुसऱ्याला, मग पडद्याला नाक लावून म्हणाला, “तात्या, डोंगराचा दगड न् दगड मोजून घ्यावा. उद्या सकाळीच बाकीची अकरा आणतो. तपासून कुणी घेतलं?”

“तपासणी हिची असतीय,” दादासो म्हणाले. “पयल्यापासून.”

कौसल्याबाईंचा चेहरा नवऱ्याच्या आवाजाकडे वळला आणि तसाच राहिला.

युवराज गाडीतून पैसे आणायला गेला तसे दादासो टीव्हीमागं गेले. तार नुसती हलवून बघितली, हलली नाही.

“आलं का?”



“तुमीच सांगा आता,” कौसल्याबाई म्हणाल्या.

दादासो पुढं आले. ती दारात उभी राहायची तसे तिच्या स्टुलाशेजारी उभे राहिले.

“आभाळ निळं हाय. डोंगर हिरवा. डाव्या कोपऱ्यात ढग.”

“ढगाच्या कडंला भूत?”

त्यांनी वाकून, डोळे बारीक करून नीट बघितलं.

“न्हाय.”

“मोटारसायकलीच्या?”

“न्हाय.”

“मग म्हणा की.”

“आलं,” दादासो म्हणाले.